बॉनेटखालचा रंगमहाल

इंजिन न उतरवता त्याच्या भोवतालचा सांगाडा रंगवून घेण्याचा संकल्प मी यंत्रप्रेमापोटी सोडला, असे घरी सांगितले असले, तरी त्याची खरी प्रेरणा निर्भेळ अहंकाराची होती. कारण कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली माझी प्रीमियर पद्मिनी बाहेरून कितीही तकतकीत असली, तरी बॉनेट उचलताच होणारे तेलकट काजळीचे दर्शन एखाद्या रसिकाला घडले तर आपल्या लौकिकाचे काय, ही चिंता मला ग्रासत होती. असा रसिक आजवर फिरकला नव्हता, ही गोष्ट अलाहिदा.

मिस्त्रींनी बॅटरी, एअर फिल्टर आणि रेडिएटर तेवढे काढले, रॉकेल आणि तारेच्या ब्रशाने मळी खरवडली, पॉलिशपेपर फिरवला आणि कार्ब्युरेटरपासून वायरींपर्यंत सर्वांना वर्तमानपत्रांत गुंडाळले. चासी नंबरावर मात्र दुहेरी पट्टी चिकटवली. तो बुजला, तर सरकारदफ्तरी गाडीच नाहीशी व्हायची.

रंगाचा विषय निघाला की नगरकराची जीभ रणगाड्यांकडे वळणारच. 1994 पासून येथे असलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसची ‘सिल्व्हर घोस्ट’ चिलखती गाडी आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी बख्तर चढवून तिला समरांगणावर धाडणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला माझा नित्य मुजरा असतो. शेजारी मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि पॅटन अशी मातब्बर मंडळी सहकुटुंब छायाचित्रांसाठी तिष्ठत असतात. परंतु पॅटनच्या पाठीमागल्या इंजिनाची विचारपूस करणारा एकही सद्गृहस्थ मला आढळलेला नाही, आणि या सामाजिक उदासीनतेवर मी कोणासही तासभर ऐकवू शकतो.

असो. इंजिनामागच्या पत्र्याशी, जिथे स्प्रे-गन शिरत नाही, तिथे मिस्त्री बोटाएवढा ब्रश घालून केवळ स्पर्शाने रंगवीत होते. “तिथं कोण बघणार?” मी विचारले. “गंज बघतो ना, साहेब.” पुढे मला बोलवेना. दिसणाऱ्या पत्र्यावर मजुरी ठरवणाऱ्या आपल्या व्यवहारात या वीतभर जागेचा हिशेब कोणत्याच बिलात मांडला जात नाही, याची मला मनस्वी चीड आली.

पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी एका अधिकाऱ्यांनी बॉनेट उघडवले. माझी छाती फुगली. त्यांनी कागद ठेवून पेन्सिलीने चासी नंबराचा ठसा घेतला आणि “लावा” म्हणाले.

तरी रणगाडे पाहण्यास नगरात येणाऱ्या वाचकांस नम्र विनंती, की जाताजाता माझ्याकडेही डोकवावे. रेडिएटरमधले पाणी पाहायचे आहे, एवढी सबब मला पुरेल.