क्रेटॉस : एक अबोल बाप

क्रेटॉसला कुणी ‘काय, बरं चाललंय ना?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारलं असेल तर विचारणारा उत्तर ऐकायला उरला नसेल. टकलावरून डाव्या डोळ्यावर उतरलेला तांबडा पट्टा, कपाळाला कायमच्या आठ्या आणि अंग पांढरंफटक. हा रंग काही जन्माचा नाही.

हा गडी मूळचा स्पार्टाचा सेनानी. एका लढाईत शत्रूचा हातोडा डोक्यावर आला, तेव्हा त्यानं युद्धदेव एरिसला हाक मारली : यांना मार, जन्मभर तुझी चाकरी करीन. देवानं लगोलग दोन पाती दिली, त्यांच्या साखळ्या तापवून हातांना डागल्या. चाकरीच्या अटी विचारायच्या राहूनच गेल्या. पुढे त्याच देवानं डाव साधून त्याला एका गावच्या देवळात घुसवलं. आंधळ्या संतापात जे कापले गेले, त्यांत त्याची बायको आणि लेक कॅलिओपी होत्या. शाप लागला नि दोघींची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटली. २००५ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडिओ खेळातली ही कथा. इथवर हसण्यासारखं काहीच नाही.

हसू येतं ते पुढे. वाईट स्वप्नं थांबावीत म्हणून यानं दहा वर्षं देवांची पडेल ती कामं केली. शेवटी एरिसलाच मारलं. त्यावर देव म्हणाले, तुझे गुन्हे माफ, पण स्वप्नांचं आमच्याकडून काही होणार नाही. अर्ज अंशतः मंजूर! बिचाऱ्यानं कड्यावरून उडी टाकली, तर देवांनी त्याला वर खेचून युद्धदेवाच्या रिकाम्या गादीवर बसवलं. जीव द्यायला निघालेल्या माणसाला बढती मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मग मात्र त्याचं डोकं फिरलं. २०१० च्या तिसऱ्या भागात यानं सूर्यदेवाचं मुंडकं उपटून त्याचा कंदील केला. फार पळतो म्हणून देवांचा निरोप्या हर्मीस याचे पाय तोडले आणि त्याचे बूट स्वतः वापरायला घेतले. देवांचा राजा झ्यूस हा याचा सख्खा बाप, त्यालाही ठोसे घालून संपवला. समुद्रदेव मेला तसा समुद्र चढला, सूर्यदेव मेला तसा उजेड गेला. स्वतःला माफ करता येत नाही म्हणून अख्खा ग्रीस बुडवणारा हा माणूस. अशांचं दुःख खरं असतं, यात शंका नाही. फक्त त्याचा खर्च शेजाऱ्यांच्या खात्यावर पडतो.

२०१८ च्या भागात स्वारी उत्तरेच्या बर्फात दिसते. दुसरी बायकोही गेलेली. तिची राख सर्वांत उंच शिखरावरून उधळायची आहे आणि सोबत आहे मुलगा, अट्रेयस. इथे मात्र पठ्ठ्या पुरता अडकला. राक्षस आला तर कुऱ्हाड आहे. पोरानं प्रश्न विचारला तर काय करायचं? मुलाला नावानं हाक मारायचीही पंचाईत, म्हणून बहुतेक वेळा नुसतं ‘पोरा!’ होडीत पोरगं गोष्ट मागतं, तर हा ससा-कासवाची शर्यत अशी आटोपतो, की तेवढ्यात ससा झोपायलाही पोचत नाही. शेवटी बोलायचं काम मिमिर करतो. तो म्हणजे कमरेला लटकवलेलं एक नुसतं मुंडकं. पण गप्पांना त्याला धडाची गरज लागत नाही. घरात एक तरी बोलणारं माणूस हवंच.

एकदा क्रेटॉस मुलाच्या पाठीवर हात ठेवायला जातो आणि मध्येच मागे घेतो. देवांची नरडी धरणारा हात, चार बोटं पुढे सरकेना. साखळ्यांचे डाग झाकायला त्या हातांना त्यानं पट्ट्या गुंडाळल्यात. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतली सगळ्यांत अवघड लढाई हीच, आणि तिच्यासाठी खेळात एकही बटण दिलेलं नाही.

२०१८ पासून या घुम्याला आवाज देणारे क्रिस्टोफर जज यांना २०२२ च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला. आभार मानायला ते उभे राहिले आणि सात-आठ मिनिटं बोलतच राहिले.