टायमिंगवाले मिस्त्री

सोनाळ्याच्या मिस्त्रींना तुम्ही नमस्कार घाला, ते रामराम बॉनेटला घालतात. गाडीवाला त्यांच्या लेखी गाडीसोबत आलेलं सामान. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, एका अंगाला संत्र्याचे बगीचे, दुसऱ्या अंगाला अंबाबरव्याचं जंगल. तिथे जुनी जीप दारी यायचीच.

परवा एक बागायतदार मिरवत आले. "आजोबानं घेतली. दुसऱ्या महायुद्धातली, वरिजिनल!"

मिस्त्रींनी बॉनेट उचललं, एकवार पाहिलं. "लढाईतल्या इंजिनाचं डोकं सपाट राहते, भाऊ. व्हॉल्व सारे खाली ब्लॉकमंदी. याच्या डोक्यावर टॅपिट कव्हर हाय, कार्बोरेटरबी वरतेच. हे हरिकेन. लढाई सरली पंचेचाळीसले, हे जीपमंदी आलं बावन्न-त्रेपन्नले. तुमची जीप निघाली असन लढाईले, पन पोचेस्तोवर सुलूख झाला."

मालकांनी आरसी बुक काढलं. मिस्त्रींनी वॉटर पंपामागचा ब्लॉक रॉकेलच्या बोळ्यानं पुसून आकडे दाखवले. "बुक आरटीओनं लिवलं, हे कारखान्यानं."

मग टायमिंग. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा, पोऱ्याच्या हाती हँडल. आतली हवा अंगठा उडवायला लागली की कॉम्प्रेशन. पुलीची खूण पाच डिग्री अलीकडे, डेल्कोचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा, रोटर एक नंबरच्या वायरकडे. पॉईंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. तो हलकेच ओढत मिस्त्री डेल्को केसभर फिरवतात. कागद सुटला की तिथेच नट आवळला. एक-तीन-चार-दोन, वायरी जागेवर.

एवढं शास्त्रशुद्ध करून ते त्यावर विश्वास मात्र ठेवत नाहीत. जीप चढावर, टॉप गिअरमध्ये, पाय दाबून. किंचित टिकटिक होऊन थांबली तर बरोबर. खडखडाट झाला तर अ‍ॅडव्हान्स जास्त. नुसतीच तापली, ओढेना, तर रिटार्ड. त्या वेळी कुणी बोललेलं खपत नाही. मालक खोकले, तर मिस्त्रींनी जीप पुन्हा चढाच्या तळाशी नेली.

जुनी जीप घ्यायची असेल, तर आधी इंजिनाचं डोकं पाहा, मग विकणाऱ्याच्या आजोबांची गोष्ट ऐका. आणि मिस्त्रींना सोबत नेणार असाल, तर विकणाऱ्याला आधी कळू देऊ नका.