कार्यवाह

पुण्याच्या पेठांतून भाद्रपदाच्या दीड-दोन महिने आधी, मांडवाचा पहिला खांब रोवला जाण्याच्याही अगोदर, ज्यांच्या हातात पावतीपुस्तक, खिशात सुपारीची डबी आणि मुखावर सर्व जगाशी सख्य असल्याचा भाव दिसू लागतो, ते गृहस्थ गणेशोत्सव मंडळाचे कार्यवाह होत. अध्यक्षपद ज्याची वर्गणी मोठी त्याचे, खजिनदारपद ज्याच्यावर संशय कमी त्याचे. कार्यवाहपद मात्र समोरच्याचा नकार ओठांवर येण्यापूर्वीच ज्याला ओळखता येतो, त्याच्याकडे आपोआप चालत येते.

गतवर्षी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका तरुण कार्यकर्त्याने संगणकावर रंगीत पट्ट्यांचा तक्ता मांडला: महापालिकेचा परवाना, पोलिसांचा ना-हरकत दाखला, मांडव, ढोलपथक, विसर्जनाचा रथ, प्रत्येकापुढे तारीख आणि जबाबदार इसम. कार्यवाहांनी तो भक्तिभावाने न्याहाळला आणि विचारले, "फार सुबक झालंय, पण यात तळमजल्यावरचे तात्या कुठे आहेत?"

तात्या कुठेच नव्हते. वस्तुतः मांडवाचा उजवा खांब नेमका तात्यांच्या खिडकीसमोर येत होता, आणि तात्यांची सारी हयात सरकारी दप्तरात हरकती नोंदवण्यात गेलेली. कार्यवाह संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, पाऊण तास त्यांच्या गुडघेदुखीचा साद्यंत इतिहास ऐकला, खांबाचा विषयही काढला नाही, आणि निघताना उंबऱ्यावर चपला पायात सरकवता सरकवता एवढेच म्हणाले, "तात्या, खांब कुठे रोवायचा ते तुम्हीच सांगा बुवा, आमच्या पोरांना काय कळतंय!" दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्वतः मांडववाल्याला खिडकीसमोरची जागा काठीने दाखवीत उभे होते. तरुणाने तक्त्यात तात्यांसाठी एक नवी पट्टी काढली, रंग तांबडा.

2017 साली महापालिकेने उत्सवाचे शतकोत्तर रौप्यमहोत्सवी वर्ष साजरे करायला घेतले, तेव्हा या उत्सवाचे जनक भाऊसाहेब रंगारी की लोकमान्य टिळक, 1892 खरे की 1893, यावरून शहरात चांगलीच जुंपली होती. कार्यवाहांनी मंडळाच्या अहवालात 'आपल्या थोर पूर्वसूरींनी गतशतकापूर्वी' असे सावध अनेकवचन घातले आणि दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांकडून पानभर जाहिराती मिळवल्या.

परंतु त्यांची खरी मुत्सद्देगिरी पाहावी ती अनंत चतुर्दशीच्या रात्री, बेलबाग चौकात. मानाच्या पाचही गणपतींचे विसर्जन उरकलेले, मिरवणूक यंदाही 30 तासांच्या घरात जाणार याविषयी कोणाला शंका उरलेली नाही, आणि लक्ष्मी रस्त्यावर आधी कोणी वळायचे यावरून दोन मंडळांचे कार्यकर्ते अस्तन्या सावरीत समोरासमोर ठाकलेले. अशा आणीबाणीच्या समयी आमचे कार्यवाह प्रतिपक्षाच्या अध्यक्षांच्या खांद्यावर हात टाकतात आणि, ढोलांच्या गजरात ऐकू जावे म्हणून अगदी कानाशी लागून, त्यांच्या कन्येच्या लग्नाचे कुठवर आले, याची चौकशी करतात. स्थळ कोथरूडचे, मुलगा अमेरिकेत, हुंडा नको म्हणतात, पण पत्रिकेत मंगळ. अध्यक्ष मंगळापर्यंत येऊन पोचतात, तोवर आमचा रथ गणपती चौक ओलांडून गेलेला असतो.