म्हणे, आता पोरांनीच बोलायचं!

ऐकलंत का? तिकडे अमेरिकेत विज्ञानाच्या तासाला यंत्र शिरलंय, आणि मेलं उत्तरच सांगत नाही! आम्ही बापडे समजत होतो, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे गाईडाची सुधारित आवृत्ती. पण खान अकॅडमीने मार्च २०२३ मध्ये आणलेला ‘खानमिगो’ बघा. उत्तर मागावं तर उलट विचारतो, ‘तुला काय वाटतं?’ आमच्या वेळी हे उद्धटपणात मोडायचं.

समजा, विषय निघाला, एवढ्या मोठ्या झाडाचं लाकूड येतं कुठून? एखादं कार्टं छातीठोकपणे सांगणार, मातीतून. ‘चूक, बस खाली’ म्हणून मोकळं व्हावं की नाही? छे! असं पढवलेलं यंत्र व्हॅन हेल्माँटचं विलोचं झाड पुढे करणार. सतराव्या शतकातला प्रयोग. पाच वर्षांत ५ पौंडांचं रोप १६९ पौंडांवर गेलं आणि कुंडीतली २०० पौंड माती घटली जेमतेम २ औंस. आता बोला! जुंपली की नाही? एकजण म्हणतो पाणी (खुद्द हेल्माँटही त्यावरच अडला होता), मागच्या बाकावरची म्हणते हवा. हवेचं लाकूड! वर्ग खो खो हसतो, आणि नेमकी तीच बरीचशी बरोबर निघते.

पण खरी भानगड पुढेच आहे. ‘टीचएफएक्स’ नावाचं एक ॲप तास ऐकतं आणि बाई किती बोलल्या, पोरं किती बोलली, याचा हिशेबच मांडून दाखवतं. शिवाय प्रश्न विचारून बाई किती थांबल्या तेही! मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकातच विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं: शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी पोरंही तोंड उघडतात. तीन सेकंद! तेवढ्यात पोर्शनचं काय होईल?

मला विचाराल तर त्या बोलक्या यंत्रावर माझा फारसा भरवसा नाही. ते चुकीचंही बेधडक ठोकून देतं. हा हिशेब मात्र झोंबला, म्हणजे खरा असणार. फक्त एक शंका आहे. ‘शिक्षकांनो, कमी बोला’ असं तासन्‌तास सांगणाऱ्या प्रशिक्षणात ते ॲप चालू करून फोन टेबलावर ठेवला, तर आकडा काय येईल हो?