नाझरसाहेब आणि रहस्यपट

जप्तीच्या मालाची यादी करताना फुटक्या तांब्याचीही नोंद ‘फुटका’ म्हणूनच घेण्यात ज्यांची हयात गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर ती चिकित्सक वृत्ती खर्चण्यास दुसरे ठिकाण न उरल्यामुळे जे रहस्यपटांकडे वळले, असे एक गृहस्थ बहुतेक प्रत्येक गावी असतात. आमच्या गावी त्यांना नाझरसाहेब म्हणतात. रहस्यपट लागला की पहिल्या खेळाला ते हजर, आणि खेळ सुटला की थिएटरच्या दारातच त्यांची चौकशी सुरू.

राज खोसलांच्या १९६४ सालच्या ‘वह कौन थी?’मध्ये श्वेतवस्त्रा स्त्री भर पावसात डॉक्टरच्या मोटारीत बसते, वायपर बंद पडूनही अंधारात बिनचूक रस्ता दाखवीत त्याला कब्रस्तानापाशी आणते, तोवर नाझरसाहेबांनी श्वास रोखून धरला होता, हे शेजारच्या खुर्चीवरून मी प्रत्यक्ष पाहिले आहे. परंतु भुताचा उलगडा नायिकेच्या जुळ्या बहिणीत आणि कारस्थानाचा हेतू इस्टेटीत निघताच त्यांचा संयम सुटला.

“अहो, वारसाला वेडा ठरवायला पडक्या हवेल्या आणि नकली भुते कशाला? दोन खोटे साक्षीदार आणि एक सुस्त कारकून, एवढ्या भांडवलावर इस्टेटी गिळलेल्या मी पाहिल्या आहेत! आणि ती धुक्यात गाते तेव्हा व्हायोलिन वाजवतो कोण? त्याला समन्स का नाही?”

“मग जाता तरी कशाला?” या पत्नीच्या पृच्छेवर त्यांचे उत्तर ठरलेले असते: “वादी गैरहजर राहिला की दावा खारीज होतो.”

बी. आर. चोप्रांच्या १९६० सालच्या ‘कानून’मध्ये एकही गाणे नाही आणि कथेचा मोठा भाग न्यायालयात घडतो, तेव्हा हा तरी त्यांना मानवेल अशा समजुतीने, तो पुन्हा लागला असता, मी त्यांना आग्रहाने नेले. खून न्यायाधीशाने नव्हे, तर हुबेहूब त्याच्यासारख्या दिसणाऱ्या भलत्याच इसमाने केल्याचे अखेरीस निष्पन्न झाले, तेव्हा नाझरसाहेबांनी कपाळाला हात लावला.

“पेशवाईत भाऊसाहेबांच्या तोतयाचीदेखील रीतसर चौकशी झाली होती, इथे तोतया आला की प्रकरण निकाली!” बाहेर येताच ते कडाडले, आणि मग आवाज उतरवून म्हणाले, “तेही एक वेळ सोडा. पण पदरचे पैसे देऊन एवढा वेळ कोर्टच बघायचे, मध्ये एक गाणेसुद्धा नाही, तर मग मी पेन्शन घेतली कशाला?”