चोर खाते, नावे

फाटकाच्या कडीला हात लावण्यापूर्वीच ‘आलात? आणि तुमच्या मागे तो कोण उभा आहे?’ असा घोगरा प्रश्न माडीवरून ज्यांच्या घरी आपले स्वागत करतो, ते गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे असणारच. माढ्याचे आमचे तात्या त्याच पंथातले, फक्त अधिक तपशीलवार. परवा त्यांच्याकडे गेलो, तो चहाच्या आधी मला माझेच फाटकापाशी नाक खाजवीत उभे असल्याचे चलच्चित्र दाखविण्यात आले आणि ‘हे पंधरवडाभर राहील’ असे अभयही मिळाले. कारण पंधरवड्यानंतर हार्ड डिस्क जुने पुसून नवे लिहू लागते. हे मी विचारले नव्हते. तात्यांना कॅमेऱ्यांविषयी काही विचारावे लागत नाही.

मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या या इसमाने घरातही दप्तर सोडलेले नाही. लाल कापडी बांधणीच्या त्यांच्या खतावणीत दूध, किराणा, औषधपाणी यांच्या पंक्तीला एक पान ‘चोर खाते’ या मथळ्याचे आहे. कुर्डुवाडीच्या पोराने चार कॅमेरे आणि डीव्हीआर बसवून दिला, ती रक्कम चोराच्या नावे. भोके पाडताना पडलेला गिलावा नीट करणारा गवंडी, चोराच्या नावे. वीज गेली की कॅमेरे आंधळे होतात म्हणून इन्व्हर्टर, इन्व्हर्टर आला म्हणून बॅटरी, वार्षिक देखभालीचा करार, मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून इंटरनेटचे रिचार्ज, सगळे नावे. सारा सरंजाम चाळीस वॅट खातो असे धरून दिवसाला जवळजवळ 1 युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे 350, हेही त्यांनी वीजबिलातून वेगळे काढून तिकडे वळविले आहे. केबल उंदराने कुरतडली तेव्हा, ‘निदान हे तरी उंदराच्या नावे लिहा,’ असे मी सुचविले. तात्या चष्म्यावरून पाहत म्हणाले, ‘उंदराची ऐपत नाही.’

जमेची बाजू अर्थात कोरी आहे. इतकी वर्षे चोर आला नाही, हे तात्या यशाच्या नव्हे, थकबाकीच्या सुरात सांगतात.

येतो तो कोळी. अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्याभोवती जे अवरक्त दिवे असतात, त्यांच्यापाशी किडे जमतात, किड्यांच्या लोभाने कोळी जाळे विणतो, आणि भिंगासमोरून चाललेला तो यःकश्चित जीव मोबाइलच्या पडद्यावर अष्टभुज दरोडेखोर होऊन अवतरतो. मग रात्री दोन वाजता मोबाइल कोकलतो, तात्या काठी घेऊन अंगणात उतरतात, आणि सकाळी जाळी काढण्यासाठी घेतलेला लांब वेळूचा झाडू यथावकाश खतावणीत दाखल होतो. खाते कोणाचे, ते सांगणे नलगे.

याच गावात रावरंभा निंबाळकरांचा भुईकोट आहे. किल्ला बांधण्याचा खर्च एकदाच होतो, शिबंदीचा मात्र दरमहा चालू राहतो, आणि शिबंदी उठली की उरलेल्या तटाला शेळीसुद्धा भीत नाही, हे ज्या गावाने पाहिले आहे त्या गावच्या माणसाला कॅमेऱ्याची किंमत दुकानातल्या पावतीवर शोधावीशी वाटावी, याचे मला नवल वाटे. पण तात्या त्या बाबतीत दुकानदारापेक्षा शहाणे निघाले; पावती हा त्यांच्या पानावरचा केवळ पहिला आकडा आहे. पूर्वी गावचा जागल्या बलुत्याच्या धान्यावर राखण करी, आणि चोरी झाली तर चोराचा माग काढून तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचविण्याची, नाही तर नुकसान भरून देण्याची जोखीम त्याच्या शिरावर असे. आजच्या यंत्राची हमी फक्त यंत्रापुरती. घरातले सोने तर तात्यांनी केव्हाच बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले आहे (भाडे कोणाच्या नावे?), आणि तिथे चोरी झालीच तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच, हा नियमही त्यांना तोंडपाठ आहे. म्हणजे घरात राखण्याजोगे उरले काय? एक तांब्याचे घंगाळ, आणि ही खतावणी.

आता एक गोष्ट नाइलाजाने सांगितली पाहिजे. चौथा कॅमेरा तात्यांच्या घराकडे पाहतच नाही. तो समोरच्या आजींच्या दारावर रोखलेला आहे. आजी एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. ‘चोर त्याच बाजूने येईल,’ असे तात्या सांगत, आणि ‘लावा हो, मी काही पळून जात नाही,’ असे आजींनी हसून सांगितलेले असले, तरी आम्ही मात्र ती नसती उठाठेव ठरवून मोकळे झालो होतो. गेल्या हिवाळ्यात पहाटे पाण्याला उठलेल्या आजी उंबऱ्यात पडल्या. कोळ्याच्या उपद्रवाला कंटाळून तात्यांनी मोबाइलची सूचना बंद केलेली होती. यंत्र मुकाट्याने चित्र टिपत होते. तात्या मात्र जागे होते, पडद्यासमोर बसलेले. आजींना दवाखान्यात त्यांनीच नेले, मुलाला फोन त्यांनीच केला. इतक्या पहाटे जागे कसे, असे कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘झोप येते कुणाला?’ त्या रात्रींचा आकडा खतावणीत मी शोधला, तो नाही. रिक्षाभाडे मात्र आहे, चोराच्या नावे.

तेव्हा माढ्यास जाणे झाले तर तात्यांकडे अवश्य जावे. फाटकापाशी नाक खाजवू नये, चहाला नाही म्हणू नये, आणि साखर जास्त लागत असेल तर निःसंकोच सांगावे; तुमच्या नावे काही लिहिले जाणार नाही.