सातबारा गुगलच्या नावावर

पोरगा यूट्यूब चॅनेल काढतो म्हणाला, तर घरात आता पूर्वीसारखी रडारड होत नाही. भरतीची जाहिरात कधी निघेल आणि निघाली तर निकाल कधी लागेल याचा नेम नसताना, स्वतःच स्वतःचा मालक होणारा मुलगा कोणाला नको असतो? मात्र या नव्या मालकवर्गाला हार घालण्याआधी मालकी नेमकी कशाची, तेवढं पाहून घ्यावं. कॅमेरा त्याचा, वीजबिल त्याचं, घसा त्याचा, जागा गुगलची. 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचा वॉच टाइम ही 2018 पासूनची अट पुरी झाली, की जाहिरातीत त्याचा वाटा सुरू होतो. मोठ्या व्हिडिओवर 55 टक्के त्याला, 45 टक्के यूट्यूबला. कोकणात अशा कसणाऱ्याला कूळ म्हणत आणि घेणाऱ्याला खोत. 1948 च्या कूळ कायद्याने खंडावर मर्यादा घातली होती: जिरायतीत पिकाचा तिसरा हिस्सा, बागायतीत चौथा. त्या हिशेबाने 45 टक्केवाला खोत मामलेदारापुढे उभा राहिला असता. आजच्या खोताचं जाहिरातींचं उत्पन्न 2024 साली 36 अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आणि कुळांनी ती बातमी अभिमानाने शेअर केली. ज्यांची अट अजून पुरी झालेली नाही, त्यांच्या व्हिडिओंवरही 2021 पासून जाहिराती लागू शकतात. त्यातला त्यांचा वाटा शून्य. जुन्या व्यवहारात याला वेठ म्हणत.

खंड घेऊन खोत थांबला असता तरी चाललं असतं, पण पीक कोणतं काढायचं हेही तोच ठरवतो. व्हिडिओच्या मधोमध जाहिरात घालायला पूर्वी दहा मिनिटांची लांबी लागायची, 2020 पासून आठ मिनिटं पुरतात. साध्या पिठल्याला फोडणी पडण्याआधी बेसनाचा इतिहास का ऐकावा लागतो, याचं उत्तर स्वयंपाकशास्त्रात नाही, या नियमात आहे. जाहिरातीचा दर लिलावात ठरतो. म्हणून म्युच्युअल फंडावर बोलणाऱ्याला हजार व्ह्यूजमागे जे मिळतं, ते भारुडावर बोलणाऱ्याला मिळत नाही, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकाचा भाव परभणीतल्या प्रेक्षकाहून चढा असतो. लोककला मागे का पडली यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा हे दर पाहावेत. शिवाय एखादा शब्द जाहिरातदाराच्या पोटात दुखवणारा निघाला, की व्हिडिओपुढे पिवळा डॉलर उमटतो आणि उत्पन्न आटतं. मग आत्महत्येसारख्या विषयावर कळकळीने बोलणारा माणूसही तो शब्द अर्धवट गिळून बोलायला शिकतो. हे सगळं कोणी जबरदस्तीने करवून घेत नाही. पैसा नियमाच्या वाटेने वाहतो आणि माणूस पैशाच्या.

यावर पहिला आक्षेप असा, की यूट्यूब साठवण, प्रसारण, जाहिरातदार सगळं पुरवतं. ‘आपली आजी’सारखं नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालणारं चॅनेल जगभर पोचलं ते कोणत्या संपादकाच्या कृपेने? मान्य. जमीन सुपीक आहे, याबद्दल खोताशीही कोणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते कुळाला काढून टाकताना कारण सांगायचं की नाही, यावर. दुसरा आक्षेप: पटत नसेल तर सोडून जा. जायला हरकत नाही, पण सबस्क्रायबर गाठोड्यात बांधून नेता येत नाहीत. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा लाखो फॉलोअर असलेली मंडळी एका रात्रीत शून्यावर आली. मालकी असती तर निदान मोबदल्याचा अर्ज करता आला असता. तिसरा आक्षेप: खरी कमाई जाहिरातीत नसून ब्रँडकडून मिळणाऱ्या पैशात आहे. तेही खरं. मात्र त्याचा अर्थ एवढाच, की नुसत्या पिकावर कुळाचं पोट भरत नाही, म्हणून तो बांधावर बसून तेल-साबण विकतो.

कूळ कायद्याने पुढे 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्याला मालक मानलं. चॅनेलवाल्यांनी सातबाऱ्यावर नाव मागू नये. कमाई बंद करताना नेमकं कारण आणि अपील ऐकायला एक जिवंत माणूस, एवढं मागितलं तरी पुष्कळ. त्यासाठी एकत्र यावं लागेल, आणि त्यांना सध्या वेळ नाही. ते ‘यूट्यूबवरून महिन्याला लाखो कसे कमवावे’ या व्हिडिओच्या तयारीत आहेत. विषय पैशाचा, म्हणजे दर चढा. लांबी आठ मिनिटांच्या वर. प्रेक्षक म्हणजे उद्याचे चॅनेलवाले. खोताला नवी कुळं कुळांनीच हौसेने आणून द्यावीत, एवढं भाग्य जुन्या कोकणात एकाही खोताच्या वाट्याला आलं नाही.